देवाचं पाचारण (सेवेसाठीचं बोलावणं) आहे असं वाटतं, पण खात्री होत नाही. अशा वेळी पाऊल कसं उचलायचं?

नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत यावं असं तुम्हाला वाटतं. पण प्रार्थना करूनही खूण मिळत नाही, काही दारं बंद झाली आणि पत्नीच्या मनातही शंका आहे. मग हे बोलावणं प्रभूचं की आपल्याच मनाचं, असा तुमचा प्रश्न आहे.

आधी खूण मिळेल, मग निघू, ही अपेक्षा जरा बाजूला ठेवा. निर्गम 3 मध्ये मोशे 'मी कोण?' म्हणत मागे सरतो, तेव्हा देव त्याला जी खूण सांगतो ती काम झाल्यानंतरची आहे: लोकांना मिसरातून बाहेर आणल्यावर तुम्ही याच डोंगरावर माझी उपासना कराल. (पुढच्या अध्यायात काठीचा साप होतो हे खरं, पण ते चिन्ह इस्राएल लोकांचा विश्वास बसावा म्हणून होतं.) निघताना मोशेला भरवसा मिळाला तो 'मी तुझ्याबरोबर असेन' एवढ्याचाच.

मला यिर्मया संदेष्टा त्याहून जवळचा वाटतो. चुलतभाऊ हनामेल शेत विकायला येईल, असं वचन त्याला आलं होतं. पण ते परमेश्वराचंच होतं हे आपल्याला कळलं, असं तो म्हणतो ते हनामेल प्रत्यक्ष समोर आल्यावर (यिर्मया 32:8). संदेष्ट्यालाही खात्री मागाहूनच झाली! त्या वेळी तो स्वतः पहाऱ्यात कैद होता आणि यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा होता. तरी त्याने 17 शेकेल चांदी तोलून दिली, खरेदीखत केलं, आणि मग प्रार्थनेत देवालाच विचारलं, शहर तर खास्द्यांच्या (म्हणजे बाबेलच्या लोकांच्या) हाती चाललंय, मग हे शेत कशाला घ्यायला लावलंस? आज्ञा पाळणं आणि प्रश्न पडणं, दोन्ही एकाच माणसात. त्यामुळे मनात प्रश्न आहेत म्हणून पाचारण खोटं, असं मी मानत नाही.

बंद दारांबद्दल प्रेषितांची कृत्ये 16 वाचा. प्रेषित पौलाला आसिया प्रांतात वचन सांगायची मनाई झाली, बिथुनियात जाऊ दिलं नाही, आणि मग त्रोवसात मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण तिकडे देवानेच बोलावलं आहे हा निष्कर्ष सोबत्यांनी मिळून काढला. तिथे पोहोचल्यावर विश्वास ठेवणाऱ्या लुदिया नावाच्या बाईचं घर उघडलं आणि आत जायला तुरुंगाचंही दार उघडलं. फटके खाऊन पौल आणि त्याचा सोबती सीला यांचे पाय खोड्यात अडकले. म्हणून बंद दार म्हणजे नकार आणि उघडं दार म्हणजे होकार, असा सरळ हिशेब करता येत नाही.

गिदोनासारखी लोकर ठेवून पाहण्याचा (रात्री लोकर बाहेर ठेवून तिच्यावर दव पडतं का, अशी खूण देवाकडे मागण्याचा) सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मी देणार नाही. गिदोनाला काय करायचं ते आधीच सांगितलेलं होतं. लोकर त्याने भीतीपोटी ठेवली. देवाने ते चालवून घेतलं, ही त्याची कृपा. त्यापेक्षा लोयोलाच्या कॅथलिक संत इग्नेशियसचा (1491–1556) सल्ला मला उपयोगी पडला आहे: मन कोरडं, उदास असताना आधी केलेला निश्चय बदलू नका. तुम्ही प्रोटेस्टंट असाल तरी तो घ्यायला हरकत नाही.

पत्नीच्या शंकेला मात्र अडथळा समजू नका. लहानग्या शमुवेलाला देवाची हाक ऐकू आली, पण ती कुणाची हे याजक एलीने ओळखलं, तेही तिसऱ्या वेळी. एलीची दृष्टी मंदावलेली होती आणि त्याच्या घराण्यावर न्याय ठरलेला होता, तरी त्याच्याकडूनच ते कळलं. राजीनाम्याची घाई नको. आधी दोघं मिळून पाळकांना भेटा, आणि नोकरी सांभाळून मंडळीतलं (चर्चमधलं) एखादं काम अंगावर घ्या, शक्यतो असं की ज्यात कुणाचं लक्ष जाणार नाही. वर्षभर ते करून पाहा आणि मग मंडळीतल्या वडीलजनांना व पत्नीला विचारा, तुम्हाला माझ्यात काय दिसलं?