आधी न्याहारी, मग प्रश्न

"माफ केलं तर तो डोक्यावर बसेल." नगर-श्रीरामपूरकडच्या ख्रिस्ती घरांतून माझ्याकडे समुपदेशनाला येणारे आईवडील हे वाक्य हमखास बोलतात. देवाच्या कृपेवर त्यांचा मनापासून विश्वास असतो. पण मूल नापास झालं की तीच कृपा म्हणजे सूट ठरेल, अशी धास्ती वाटते.

एक प्रसंग सांगते, ओळख पटणार नाही एवढा बदलून. मुलगा अकरावी सायन्सचा. सहामाहीत फिजिक्स आणि मॅथ्समध्ये नापास. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही त्यानेच ठोकली आणि पकडला गेला. वडील मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंच कमिटीवर. त्यांनी बोलणं टाकलं, उपासनेत कीबोर्ड वाजवणंही बंद करवलं. मुलगा ताट घेऊन आतल्या खोलीत जेवायचा.

"सही का केलीस?" मी विचारलं.

"पप्पा मारत नाहीत, मॅडम. गप्प होतात."

माझं ठाम मत याच उत्तरावर उभं आहे. मुलं मार्कांना भीत नाहीत, आपलं माणूस दुरावेल याला भितात. आणि भ्यालेलं मूल अभ्यास करत नाही, लपवायला शिकतं.

वडिलांना बायबल उत्तम ठाऊक होतं, म्हणून मी तिथूनच बोलले. येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र भीतीने तीनदा म्हणाला होता, "मी त्याला ओळखत नाही." तीच गोष्ट काढली.

"पेत्राने प्रभूला नाकारलं तेव्हा तो कुठे शेकत उभा होता?"

"कोळशाच्या विस्तवापाशी."

"आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी?"

ते थांबले. "तिथेही कोळशाचा विस्तव. प्रभूनेच पेटवलेला. वर मासळी, भाकर."

"पेत्राला प्रश्न विचारण्याआधी प्रभू काय म्हणाला?"

"या, न्याहारी करा." बराच वेळ ते बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "मी त्याला अजून जेवायलाच बोलावलं नाही."

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायातला हा क्रम मला समुपदेशनात फार मोलाचा वाटतो. प्रभूने चूक झाकली नाही. नकार तीनदा, तर प्रश्नही तीनदा. पण "का केलंस?" असं एकदाही विचारलं नाही, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" एवढंच विचारलं. आणि लगेच आपली मेंढरं, म्हणजे आपले अनुयायी, त्याच्याच हाती सोपवली. डोक्यावर बसण्याच्या भीतीला माझं उत्तर हेच: कृपा जबाबदारी काढून घेत नाही, पुन्हा हातात देते.

त्या रात्री दोघं एका टेबलाला जेवले. ताटं उचलल्यावर वडिलांनी विचारलं, "मला सांगायची इतकी भीती वाटते का रे?" पोरगा हमसून रडला. सहीबद्दल क्लास टीचरांशी तो स्वतः बोलला, वडील शेजारी उभे राहिले. रविवारी कीबोर्ड परत मिळाला. पुढच्या चाचणीत मॅथ्स जेमतेम सुटलं, फिजिक्स पुन्हा गेलं. तो पेपर मात्र त्याने त्याच संध्याकाळी पप्पांच्या हातात दिला. मी यालाच यश मानते.

तुमच्या घरी असा निकाल आला तर त्या दिवशी जेवणात तो विषय नको. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, एकट्याशी, भावंडांचं नाव न काढता. शिक्षा द्यायचीच तर चुकीपुरती द्या. मंडळी, मित्र, आवडीचं काम तोडू नका. मूल मरणाची भाषा बोललं, तर उपदेश बाजूला ठेवून जवळ बसा, एकटं सोडू नका, आणि डॉक्टरांना गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर लगेच फोन करा. आणि निकाल विचारायला नातेवाइकांचे फोन आले, तर काय सांगायचं ते आधी मुलाला विचारा.