लक्ष टिकत नाही आणि खाण्यावर ताबाही राहत नाही, याचा एकमेकांशी संबंध असतो का?

तुम्ही लिहिलंय की वजन ९८ किलो आहे, कामात लक्ष टिकत नाही, डाएट आठवड्यात मोडतं आणि घरचे म्हणतात, "मनावरच घेत नाहीस." संबंध असू शकतो. मी यातून गेलोय.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब बघतो. सौदे सुरू झाले की डबा तसाच राहायचा, भूक लागलीय हेच कळायचं नाही. संध्याकाळी घरी आलो की चपला काढायच्या आधी भडंगाचा पुडा फोडायचो. किती खाल्लं ते पुडा रिकामा झाल्यावरच कळायचं. वर रात्रीचं जेवण असायचंच. एका डॉक्टरांनी "तोंडावर ताबा ठेवा" एवढंच सांगितलं. कित्येक वर्षं मी स्वतःला हावरट समजत राहिलो.

३९व्या वर्षी मिरजेत मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी खाण्याआधी शाळेचं विचारलं. वस्तू हरवायच्या का? समोरच्याचं बोलणं संपायच्या आत उत्तर द्यायचात का? निदान एडीएचडीचं निघालं, म्हणजे लहानपणापासून लक्ष टिकत नाही आणि उतावीळपणा आवरत नाही, अशी मेंदूच्या वाढीतली अडचण. वेळेवर जेवणं, समोर दिसलेलं लगेच न उचलणं, पोट भरल्यावर थांबणं, या सगळ्याला मेंदूचा जो लगाम लागतो, तोच यात ढिला असतो.

२०१६ साली ४२ अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा एडीएचडी असलेल्या प्रौढांत लठ्ठपणा सुमारे २८ टक्के आढळला, नसलेल्यांत १६. म्हणजे एडीएचडी असलेले बहुतेक जण लठ्ठ नसतात, म्हणून घरबसल्या स्वतःचं निदान करू नका. उलटंही घडतं. जास्त वजनामुळे झोपेत श्वास अडकतो, झोप मोडत राहते आणि दिवसभर लक्ष लागत नाही. तुम्ही घोरत असाल तर आधी ते तपासा. माझीही झोपेची तपासणी आधी झाली होती.

एडीएचडीच्या काही गोळ्यांनी भूक मरते, पण वजन उतरवायला म्हणून त्या घ्यायच्या नसतात. दुसऱ्याच्या तर मुळीच नाहीत.

मला सगळ्यात जास्त उपयोग दुपारच्या जेवणाचा झाला. दुकानातले हमाल जेवायला बसले की मीही डबा घेऊन त्यांच्यात बसतो. गजर मी बंद करून टाकायचो, पण ते हाक मारतात तेव्हा उठावंच लागतं. भडंग अजून खातो, वाटीत काढून.

तपासणीला जाताना आईला किंवा मोठ्या बहिणीला सोबत न्या. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून होती का, हे तिथे विचारतात आणि ते आपल्यापेक्षा त्यांनाच नीट आठवतं.