तिकीट काढलं, तरी दंड?

प्रश्न : माझे आई-बाबा पहिल्यांदाच बर्लिनला जात आहेत. तिथे तिकीट हातात असूनही दंड होतो, असं ऐकलं. हे खरं का? आणि तपासनिसाने अडवलंच तर त्यांनी काय करायचं?

उत्तर : खरं आहे, आणि दंड माणशी ६० युरो.

बर्लिनच्या स्टेशनांवर फाटकं नाहीत. रस्त्यावरून थेट फलाटावर जाता येतं, आणि नवखा माणूस चुकतो तो तिथेच. फलाटावरच्या मशिनमधून काढलेल्या कागदी तिकिटावर प्रवास सुरू झाल्याची वेळ नसते. ती उमटवायला जवळच एक छोटी पेटी असते. भुयारी रेल्वेच्या फलाटावर पिवळी, शहरी रेल्वेच्या फलाटावर लाल. तिच्या फटीत तिकीट सरकवून शिक्का मारून घ्यायचा, मगच गाडीत चढायचं. कोरं तिकीट उद्याही वापरता आलं असतं, म्हणून ते नसल्यातच जमा धरतात. मी तिथे राहत असताना अशी कोरी तिकिटं दाखवत विनवण्या करणारी वयस्कर जोडपी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं. नियम मला पटतो, पण पाहुण्यांना तो विमानतळावरच मोठ्या अक्षरांत सांगायला हवा.

विमानतळाचंही एक आहेच. तिकिटांसाठी ए, बी आणि सी असे विभाग केले आहेत. विमानतळ ‘सी’ विभागात येतो, त्यामुळे शहरातलं ‘एबी’ तिकीट तिथे चालत नाही. ‘एबीसी’ घ्यावं लागतं. एकेरी तिकीट दोन तास चालतं, पण त्यावर परतीचा प्रवास करता येत नाही.

तपासनीस बहुधा साध्या कपड्यांत असतात आणि दारं बंद झाल्यावर तिकिटं मागतात. त्यांचं ओळखपत्र बघायला मागावं, त्यात उद्धटपणा काही नाही. हुज्जत घालू नये. पासपोर्ट जवळ असू द्यावा, कारण ओळख पटली नाही तर पोलिसांना बोलावतात. दंड जागेवरच भरायची सक्ती नसते. चिठ्ठी घ्यावी, तिच्यावरच्या मुदतीत भरावा. अन्याय वाटला तर लेखी हरकतही घेता येते. पावती न देता कोणी रोख मागत असेल, तर एक पैसाही देऊ नये.

अ‍ॅपवरच्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण ते चढण्याआधी काढावं लागतं आणि फोन बंद पडला तर दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून आई-बाबांसाठी मी कागदी तिकीटच सुचवेन. दोघांच्या तिकिटांवर वेगवेगळा शिक्का घ्यावा, आणि बाहेर पडेपर्यंत ज्याचं तिकीट त्याच्याच खिशात असावं.