मसालेदार फुलांचा परफ्यूम औषधासारखा का वाटतो? लग्नात लावावा का?

भेट आलेला कार्नेशनच्या फुलाचा आणि लवंगेचा परफ्यूम लावल्याबरोबर दवाखान्याची आठवण होते, तर तो लग्नात लावावा का, असे आपण विचारले आहे. जरूर लावावा.

मे महिन्यात सांगलीतल्या एका लग्नाला निघताना, भावाने दिलेला नीना रिची या फ्रेंच कंपनीचा 'लेर द्यू तां' हा असाच १९४८ सालापासून चालत आलेला परफ्यूम मी गाडीत बसता बसता मानेला आणि मनगटाला लावला होता. कार्यालयाच्या दारात, अक्षता वाटणाऱ्या बायकांसमोर, नणंदेने मोठ्याने विचारले, "वहिनी, दाढ दुखतीय का तुमची? लवंगेचं तेल लावलंय वाटतं." मी बेसिनपाशी जाऊन मनगट साबणाने दोनदा घासले आणि पंगत उठेपर्यंत कोणाच्या जवळ बसले नाही.

वन्संनी ओळखलेला वास चुकीचा नव्हता, हे मान्य करते. लवंगेच्या तेलात मुख्यतः युजेनॉल हे वासाचे रसायन असते, दंतवैद्य तेच वापरतात, आणि कार्नेशनचा तिखटगोड वासही बराचसा त्याच्यामुळेच असतो. आपल्या तुळशीतसुद्धा ते सापडते. चूक होती ती निकालाच्या घाईची. सुरुवातीला अल्कोहोल उडत असते आणि त्या भपकाऱ्यात मसालाच नाकात शिरतो. तो ओसरल्यावर गुलाब आणि जाई उलगडतात, आणि चंदन-कस्तुरीचे जड वास तळाशी कितीतरी तास रेंगाळतात. चार दिवसांनी मी साडीची घडी मोडली, तेव्हा मानेपाशी पदर टेकला होता तेवढ्याच जागी पावडरीसारखा मऊ, किंचित गोड वास होता आणि लवंगेचा मागमूसही नव्हता. पाच मिनिटांत अत्तराला नावे ठेवणाऱ्यांचे मत मी तेव्हापासून विचारात घेत नाही.

मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात वास भराभर उसळतो, म्हणून एकच फवारा पुरे. रेशमावर थेट मारू नये, डाग पडतो. युजेनॉलची काहींच्या त्वचेला ॲलर्जी असते, तेव्हा आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा. आणि घरातून निघण्याच्या अर्धा तास आधी लावावा, म्हणजे कार्यालयाच्या दारात पोचेपर्यंत मसाला मागे सरून फूल पुढे आलेले असते. त्या दिवशी मला तेवढा अर्धा तास मिळाला नव्हता.