‘ताता’ म्हणणाऱ्या मुलाची जीभ कापायची का?

ताई, तुम्ही विचारलंत: मुलगा साडेचार वर्षांचा, काकाला ‘ताता’ आणि गाईला ‘दाय’ म्हणतो, आणि सासूबाई म्हणतात टंग-टाय आहे (जिभेखालचा पडदा आखूड), कापून आणा. कापायची घाई नको.

जिभेच्या टोकावर बोट दाबून ‘क’ म्हणा. येतो ना? आता ‘त’ म्हणा. अडकलात. टंग-टायमध्ये बांधलेलं असतं ते टोक, आणि तुमच्या मुलाचा ‘त’ तर खणखणीत आहे. शाळेतली वर्णमाला आठवा: क-ख-ग-घ कंठ्य, त-थ-द-ध दंत्य. त्याची अख्खी ओळ घशातून दातांवर सरकली आहे. चूक इतकी शिस्तीत होते तेव्हा बहुधा जीभ दोषी नसते. हे दोन आवाज वेगळे, ही मांडणी डोक्यात अजून बसलेली नसते.

आमच्या लेकीचं हेच. ‘दाणं लाव’ म्हणायची, आजी वाटीत शेंगदाणे आणून ठेवायची, मग रडारड. तिला गाणं हवं असायचं! कळव्यात एका स्पीच थेरपिस्टकडे (उच्चार सुधारणाऱ्या तज्ज्ञांकडे) आम्ही तीन महिने शिट्ट्या आणि फुगे फुंकले. गालांना व्यायाम झाला, ‘ग’ काही आला नाही.

दुसऱ्या थेरपिस्टबाईंनी आधी कान तपासायला पाठवलं. तुम्हीही हेच पहिलं करा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे कधी कधी पाणी साचतं, आवाज दबून पोचतात. हाकेला ओ देतो म्हणजे सगळं नीट ऐकू येतं असं नाही.

मग चित्रांच्या जोड्या: गाणं-दाणं, कार-तार, काप-ताप. आधी नुसतं ऐकून बोट दाखवायचं. नंतर तिने मागायचं आणि बाईंनी ती जे म्हणेल तेच द्यायचं. ‘दाणं’ म्हटलं की दाण्यांचं चित्र हातात. तिसऱ्यांदा दाणेच मिळाल्यावर वैतागून तिने घसा खरवडत ‘ग्गाणं’ काढलं. मी दाराशी बसून बघत होते. आवाज काढायला त्या तिला उताणी झोपवून खोट्या गुळण्या करायला लावत, जीभ आपसूक मागे पडते. घरी रोज दहा मिनिटं सराव. काही महिने गेले, पण बसलं.

घरी ‘नीट म्हण’ म्हणू नका. ‘ताता आला’ म्हणाला की ‘हो, काका आला, काका!’ एवढंच. (आणि लाडात येऊन आपणही बोबडं बोलायचं बंद.) शाळा म्हणेल घरी इंग्रजीच बोला, त्याने ‘क’ येत नाही, मराठी सोडू नका.

नुसता ‘र’चा ‘ल’ होत असता तर मी थांबा म्हटलं असतं, ‘र’ उशिराच येतो. पण चार वर्षं उलटल्यावर परक्या माणसालाही बहुतेक बोलणं कळायला हवं. एकच शब्द दर वेळी वेगळा बिघडत असेल तर तेही आवर्जून सांगा, त्याचे उपचार निराळे.

वांद्रे रेक्लमेशनला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, केंद्र सरकारची. ठाण्याहून दादरला गाडी बदला, वांद्र्याला उतरा, पुढे रिक्षा. खासगीत जाणार असाल तर थेरपिस्टचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा.

कानांचा रिपोर्ट आला की कळवा. आमची चित्रांची वही अजून कपाटात आहे, देईन.