‘इंडक्शन’ला मराठीत काय म्हणावे?

फोंड्याच्या एका हायस्कूलमधल्या विज्ञानाच्या बाईंनी विचारले आहे: प्रदर्शनासाठी मुलांनी तारेचे वेटोळे आणि चुंबक घेऊन प्रयोग मांडला आहे, त्याला मराठी फलक हवा. ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन’ लिहावे, हिंदीप्रमाणे ‘प्रेरण’ लिहावे, की सरळ ‘इंडक्शन’? शिवाय इंडक्शन म्हटले की मुलांना फक्त शेगडी आठवते, त्याचे काय करावे?

बाई, फलकावर ‘प्रवर्तन’च लिहा. महाराष्ट्रातली मुले हा शब्द दहावीत शिकतात. आपल्याकडे गोव्यात मराठी माध्यम बहुतेक ठिकाणी चौथीला संपते, म्हणून तो मुलांच्या कानावरच पडत नाही आणि मग जड वाटतो. खरे तर ‘प्रवृत्त करणे’ आपण रोज बोलतो, त्यातलाच हा ‘वृत्’ धातू. कुणाला प्रवृत्त करायचे तर हाताला धरून ओढावे लागत नाही. तो आपल्या पायांनी निघतो. इथेही नेमके तेच घडते.

मायकेल फॅरेडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोखंडी कड्यावर दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी, दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकसूची. दोन्ही तारांचा एकमेकींना कुठेही स्पर्श नाही. बॅटरी जोडली तशी सूची हलली आणि पुन्हा जागेवर आली. प्रवाह वाहत होता तोवर ती ढिम्म. बॅटरी काढली तशी ती परत हलली, पण उलट दिशेला. ऑक्टोबरात त्याने नुसता चुंबक वेटोळ्यात आतबाहेर करूनही वीज मिळवली.

म्हणून फलकावर ‘चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते’ असे लिहू देऊ नका. मराठी लेखांत हे वाक्य सर्रास दिसते आणि ते चूक आहे. ‘बदलत्या’ हा शब्द गाळला की सगळा शोधच गळतो. वेटोळ्याशेजारी चुंबक वर्षभर ठेवला तरी काही व्हायचे नाही. मुलांना आधी चुंबक आत स्थिर धरायला सांगा आणि गॅल्व्हानोमीटरचा, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या उपकरणाचा, काटा शून्यावर आहे हे पाहणाऱ्यांना दाखवा. मग तो झटक्याने ओढायला सांगा.

‘प्रेरण’ला माझी हरकत एवढीच, की मराठी कान ते ‘प्रेरणा’कडे नेतो. ‘विगमन’ मात्र कटाक्षाने टाळा. शब्दकोशात इंडक्शनपुढे तोही सापडतो, पण तो तर्कशास्त्राचा: उदाहरणांवरून नियमाकडे जाणे.

आता शेगडी. घरात ‘इंडक्शन लाव’ म्हणतात ते म्हणू द्या, ‘प्रवर्तन शेगडी’ कुणी बोलणार नाही. पण ती वर्गात जरूर आणा. काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते. घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. शेगडीतले सर्किट ती वीस हजारांच्याही वर नेते. चुंबकीय क्षेत्र तितक्या वेगाने पालटत राहते आणि भांड्याच्या बुडात गोल गोल फिरणारे प्रवाह उठतात. बिडाच्या तव्यात त्यांना चांगला विरोध होतो, लोखंड चुंबकाला धरते, आणि तवाच तापतो. काच गरम लागते ती भांड्याच्या उष्णतेने. न्हाणीतले तांब्याचे भाण ठेवले तर? तांब्यातून प्रवाह इतक्या सहज जातो की पुरेशी उष्णता होत नाही. साधी शेगडी तर भांडे नाहीच असे समजून बंद पडते. हुमणाच्या मातीच्या भांड्यात प्रवाहच उठत नाही. एकाच टेबलावर ही तीन भांडी ठेवा, मुलांचे ‘इंडक्शन म्हणजे गरम होणे’ हे समीकरण आपोआप मोडेल. उष्णता हा प्रवर्तनाचा एक परिणाम, प्रवर्तन नव्हे.

उष्णता नको असते अशीच उदाहरणे जास्त. गोव्याची बहुतेक वीज राज्याबाहेरून उच्च दाबाने येते. ती घरच्या २३० व्होल्टपर्यंत उतरते ती ट्रान्स्फॉर्मरांतून, आणि ट्रान्स्फॉर्मर म्हणजे फॅरेडेच्या त्या कड्याचाच वंशज. बातम्यांत त्याला ‘रोहित्र’ म्हणतात, मला तो शब्द फार आवडतो. तिथे गाभ्यात उठणारे फिरते प्रवाह उलट कमी करायचे असतात, म्हणून गाभा अखंड न ठेवता पातळ पत्र्यांचा रचतात. छताचा साधा पंखा, विहिरीवरचा पंप, तारेविना चार्ज होणारा मोबाइल, यंत्राला नुसते टेकवायचे बँकेचे कार्ड, सगळीकडे प्रवर्तन आहे.

फलकाचा मजकूर मी असा लिहीन: ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन (इंडक्शन): वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत असेपर्यंत वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. परिपथ पूर्ण असेल तर प्रवाह वाहतो.’ दुसरे वाक्य जागेअभावी कापू नका. तार तुटलेली असली तरी दाब निर्माण होतोच, प्रवाह तेवढा वाहत नाही.