पावडरचा डबा

टिळकवाडी, बेळगाव

चि. पोरी,

रात्री पावणेबाराला मेसेज टाकतेस आणि वर विचारतेस, "बाई, झोपलाय काय?" मी नव्हते झोपले. पण तू झोपायला हवी होतीस. फिटच्या गोळ्या चालू असणाऱ्या माणसाला जागरण परवडत नाही, हे तुला मी नव्याने सांगू काय?

तुझा मेसेज तीनदा वाचला. गडहिंग्लजचं स्थळ, रविवारी बघायला येणार. आई म्हणते गोळ्यांच्या पट्ट्या ट्रंकेत घाल, वाटलं तर आठ दिवस घेऊच नको, दोन वर्षांत फिट कुठं आलीय? तुला ते पटत नाही आणि आईला दुखवताही येत नाही. तुझ्या आईवर माझा राग नाही. माझ्याही आईने हेच केलं होतं. म्हणून तर लिहायला बसले.

पट्टी लपवायची नाही. स्थळापासून नाही, सासूपासून नाही, दाताच्या डॉक्टरपासूनसुद्धा नाही.

माझं लग्न 1986 सालचं. माहेर खानापूर, सासर कणकुंबीकडे, मलप्रभा जिथं उगम पावते तिथलं. लग्नाआधी चार वर्षं मला फिट येत होत्या आणि कार्बामाझेपीन ही फिटची गोळी सुरू होती. घरात सगळ्यांना ठाऊक, वेशीबाहेर कुणाला नाही. पाठीवर दोन बहिणी लग्नाच्या. आईने गोळ्या पट्टीतून काढल्या, पावडरच्या रिकाम्या डब्यात भरल्या आणि माझ्या ट्रंकेत ठेवल्या. पट्टी दिसली की कुणीतरी विचारणार. डब्यातल्या गोळ्या कुणाला कळणार? तो डबा मी न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवायचे. एकटीने जायची जागा तेवढीच.

तिकडचा आषाढ तू पाहिला नाहीस. मिठाला पाणी सुटतं, वाळत घातलेलं लुगडं चार दिवस ओलंच. आणि मी चुलीवरच्या पाण्याच्या वाफेत उघड्या गोळ्या ठेवलेल्या. रोज न चुकता दोन्ही वेळा घ्यायची. तरी ऑगस्टात भात वेळताना फिट आली आणि डावा हात चुलीत गेला. वळ अजून आहे, तू वर्गात पहिल्या बाकावर बसायचीस तेव्हा पाहिला असशील. तुम्हा पोरांना मी तेल उडालं म्हणून सांगत होते.

बेळगावच्या डॉक्टरांनी बराच वेळ एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, गोळी चुकते काय? नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसेना. शेवटी म्हणाले, ठेवतेस कुठे? सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. कार्बामाझेपीनला ओल लागली की गोळी कडक होते, पोटात नीट विरघळत नाही, तिची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त कमी होऊ शकते. म्हणजे मी इमानदारीने घेत होते ते औषध कमी आणि खडू जास्त.

आता तू म्हणशील, बाईंनी स्वतः लपवलं आणि मला शिकवतायत. होय, लपवलं. मी लबाड नव्हते गं. तेव्हाच्या हिंदू विवाह कायद्यात वेड आणि फेफरं एकाच ओळीत होते. वारंवार फिट येणाऱ्या बाईचं लग्न रद्द करून मागता येत होतं. 1999 मध्ये तो शब्द कायद्यातून काढला. माझ्या आईने कायदा वाचला नव्हता, पण लोक काय करतात ते तिला चांगलं माहीत होतं. तिला दुसरं काय सुचणार? एवढं लिहिलं तरी मन खातंच. नवऱ्याला तरी सांगायला हवं होतं. त्या माणसाने मला सोडलं नसतं, हे मला चुलीत हात गेल्यावर कळलं.

तुझ्यापुढे तो कायदा नाही. आजार असणं हा काही दोष नाही. पण लपवून लग्न केलंस तर फसवलं म्हणून उद्या कोर्टात भांडण उभं राहू शकतं. तुझ्या आईला हे सांग. तिला लोकांची भीती आहे, कोर्टाची जास्त वाटेल.

आता गोळीचं. दोन वर्षं फिट आली नाही ती गोळीमुळे, की आजारच गेला म्हणून, हे तुला कळत नाही, मला कळत नाही, आईला तर नाहीच. दोन वर्षं कोरडी गेली की डॉक्टर विचार करतात, तपासण्या बघतात आणि ठरवलंच तर महिनोन् महिने थोडी थोडी उतरवतात. एकदम तोडलीस तर मेंदू उसळतो. फिटवर फिट येऊ शकते, मधे शुद्धच येत नाही, अशाने माणसं दगावतात. फिट पाच मिनिटांवर गेली किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली तर थेट दवाखाना. घरच्यांना हे पाठ करायला लाव. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ घाला, घड्याळ बघा, तोंडात काही कोंबू नका. कांदा नको, चप्पल नको, हातात किल्ल्या नकोत. माझ्या सासूबाईंनी हे तिन्ही केलं होतं.

आई सौंदत्तीला नवस बोललीय म्हणतेस. जा की. यल्लम्माचा भंडारा कपाळभर लाव. पिशवीत गोळी असू दे, आणि चार दिवसांना सहा दिवसांच्या. 2019 च्या पुरात निपाणीजवळ हायवे बंद पडला, 2020 मध्ये कोगनोळी नाक्यावर गाड्या अडल्या, 2022 च्या डिसेंबरात सीमेच्या वादावरून इकडच्या तिकडच्या बसेस थांबल्या. आपण सीमेवर राहणारी माणसं. तुझा डॉक्टर कोल्हापूरचा आणि गोळी मिळते तिथल्याच मेडिकलात, असं करून चालत नाही. शेवटची पट्टी फोडायच्या आत पुढची घरात आली पाहिजे. मेडिकलवाला म्हणाला, "हीच आहे, कंपनी फक्त वेगळी," तर आधी डॉक्टरांना फोन कर. आणि फोटोत तुझ्या पट्टीवर सीआर लिहिलंय. ती हळूहळू विरघळणारी गोळी, चुरून किंवा चावून घ्यायची नाही. सकाळची विसरलीस आणि दुपारी आठवली तर तेव्हाच घे. रात्रीच्या गोळीची वेळ होत आली असेल तर ती सोडून दे. दोन एकदम कधीच नाही.

त्याच फोटोत नावही वाचलं. सोडियम व्हॅल्प्रोएट. इथे मात्र माझा जीव खाली-वर झाला. डॉक्टरांना लग्नाचं बोललीस काय? गर्भारपणात ही गोळी चालू असेल तर शंभरातल्या दहाएक बाळांना जन्मतः व्यंग असतं, आणि तीस ते चाळीस मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात अडचण येते. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं ध्यानात येईतो वेळ बहुतेक गेलेली असते. म्हणून हे लग्नाआधी बोलायचं, नंतर नव्हे. वाचून घाबरून आज रात्री गोळी टाकून देशील तर मी तुझ्या घरी येऊन भांडेन! बदलायची ती डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने. दुसरी गोळी येईल तिचे नियम वेगळे. लॅमोट्रिजीन दिली तर ती फार सावकाश वाढवतात, आणि अंगावर पुरळ उठला की त्याच दिवशी दाखवायचं. कार्बामाझेपीनसारख्या काही गोळ्या पाळणा लांबवायच्या गोळीचा जोर कमी करतात. हे सगळं सासरच्या गावातल्या डॉक्टरला कसं कळणार, तुझी पट्टी ट्रंकेत असेल तर? कंबर दुखली म्हणून तो ट्रॅमाडॉल लिहून देईल. त्याने फिट येऊ शकते. त्याचा काय दोष?

म्हणून म्हणते, पट्टी लपवायची नाही. तेच तेच सांगते, मला माहीत आहे. एकतीस वर्षं पाढे शिकवलेत.

अजून एक आहे. कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या सातवीच्या वर्गात एका मुलीला फिट आली. शाळेतल्या मोठ्यांनी ठरवलं, हिला घरीच ठेवा, बाकीची पोरं घाबरतात. मी त्या बैठकीला होते. माझ्या पर्समध्ये तीच गोळी होती. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले, तोंडातून शब्द काढला नाही. ती मुलगी पुढे शाळेत आली नाही. नोकरी कच्ची होती, असं मी स्वतःला सांगते. ती पक्की होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

चुलीचं झाल्यावर सासूबाई सहा महिने माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पण रात्री आठ वाजले की तांब्या आपटायच्या. आधी वाटलं, राग. मग लक्षात आलं, तो गोळीच्या पाण्याचा तांब्या होता. पट्टी तोवर देवळीत आली होती, दिव्याच्या शेजारी, कोरड्या जागी. नातेवाईक यायचे, बघायचे, विचारायचे. चार जणांनी तोंडं वाकडी केली. त्यातले दोघे आता स्वतःच्या नातवंडांसाठी मलाच डॉक्टर विचारतात. उरलेले दोघे अजून वाकडेच आहेत.

गडहिंग्लजवाल्यांना रविवारी चहाच्या आधी सांग. पोहे देऊन झाल्यावर नको, ते पोहे त्यांना आठवत राहतील. कमी शब्दांत सांग: फिटचा आजार आहे, औषध चालू आहे, दोन वर्षांत फिट नाही, हे डॉक्टर. नाही म्हणाले तर म्हणू देत. तुला रडू येईल, ये माझ्याकडे. आईने लपवायचा हट्ट धरलाच तर मला बोलव, मी तुमच्या हॉलमध्ये बसून तो हाताचा वळ दाखवते.

शनिवारी चारला फाईल घेऊन ये. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपण कागदावर काढू. आणि ॲक्टिव्हा आणू नकोस. लायसन्सच्या अर्जात फिटबद्दल विचारतात तिथे तू काय लिहिलंस, ते मला कळायचंय. बसने ये.

रात्रीची घेतलीस ना? तेवढं कळव.

तुझ्या बाई